चाकांवरच्या घरांतील वीज

अमेरिकेंत मोटारीच्या मागें जोडून नेण्याचें एक लहानसें घर असतें. त्यास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आंत निजावयाच्या जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी, फ्रीज, इतकेंच नव्हे तर थंडींत ऊब देणारी भट्टीहि असते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकीं कोणी कोणी सुटींत असा ट्रेलर घेऊन अरण्यांत चार दिवस राहून येतात. या घरांतील बाकीची व्यवस्था पाहतांच ध्यानांत येते. येत नाहीं ती विजेची. आणि रात्रीं मुलें थंडीनें कुडकुडूं लागतात तीं बहुधा या एका अज्ञानापायीं.

या घरांत दोन जातींची वीज नांदते. पहिली १२० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. ती तळावरील खांबांतून जाड केबलनें आंत येते, व वातानुकूल यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतींतील प्लग यांचा संसार तिच्यावर चालतो. दुसरी १२ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी. तिचा सांठा ट्रेलरच्या पुढील दांड्यावर बसविलेल्या बॅटरींत असतो. दिवे, पाण्याचा पंप, भट्टीचा पंखा आणि गॅसची गळती कळविणारी घंटा हीं सर्व हिच्या पदरीं. ट्रेलर मोटारीपासून सुटून निघालाच, तर त्याचे विजेचे ब्रेक आपोआप लावण्याचें कामहि हीच बॅटरी करते.

या दोहोंमधील दुभाषा म्हणजे कन्व्हर्टर. तो १२० व्होल्टची वीज घेऊन तिची १२ व्होल्टची एकदिश वीज करतो, तिच्यावर दिवे व पंप चालवितो आणि उरलेल्या शक्तीनें बॅटरी भरतो. जुने कन्व्हर्टर जड ट्रान्सफॉर्मरचे असत व सारखे गुणगुणत. नवे कन्व्हर्टर आलेल्या विजेचा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां चालूबंद करतात. त्यामुळें लहानशा ट्रान्सफॉर्मरवर काम भागतें व यंत्र हलकें होतें. मात्र हा दुभाषा एकाच बाजूनें बोलतो. भारनियमनाच्या दिवसांत महाराष्ट्रांत घरोघर आलेला इन्व्हर्टर वीज असतांना बॅटरी भरतो आणि वीज गेली म्हणजे बॅटरींतून पंख्यास वीज देतो. कन्व्हर्टरला यांतलें पहिलेंच काम येतें. तेव्हां रानांत बॅटरी भरलेली असूनहि मायक्रोवेव्ह कां चालत नाहीं, म्हणून त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं.

आतां खरी फसगत कोठें होते तें पाहूं. केबल जोडलेली असतां दिवे कन्व्हर्टरच्या बळावर लागतात. बॅटरी पार मेलेली असली तरीहि ते बहुधा लख्ख लागतात! कुटुंब समाधानानें निघतें, डोंगरांत मुक्काम करतें, आणि मध्यरात्रीं भट्टी थंड पडते. गॅस भरपूर असतो. परंतु पंख्याचा वारा पुरेसा नसला तर भट्टींतील सुरक्षेचा खटका गॅस पेटूंच देत नाहीं. हिशेबच करावयाचा तर असा: बॅटरी ८० अँपिअर-तासांची असली तर तिच्यांतील निम्मीच वीज वापरावी, म्हणजे हातीं ४० राहिले. पंखा ७ अँपिअर घेतो असें धरलें व दहा तासांच्या रात्रींत तो पांच तास फिरला, तर ३५ तेथेंच संपले. एका रात्रीची ही बेगमी, आणि तीहि बॅटरी कांठोकांठ भरलेली असेल तर.

ती कांठोकांठ भरणें हेंच अवघड. शिसें व गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं प्रथम केली. तिचा स्वभाव अद्याप तोच आहे. पंगतींत बसलेल्या भुकेल्या पाहुण्याप्रमाणें ती आरंभीं भराभर घेते, पुढें सावकाश, आणि शेवटचा पांचवा हिस्सा घेण्यास तर तासच्या तास लावते. वाढणाराहि जाणता पाहिजे. जुने कन्व्हर्टर सदैव १३.६ च्या आसपास व्होल्ट देत. त्यामुळें उतरलेली बॅटरी फार हळू भरे, आणि महिनोन् महिने जोडून ठेवली तर तिच्यांतील पाणी आटे. नव्या चांगल्या कन्व्हर्टरांत पहिल्यानें १४.४, मग १३.६ आणि भरल्यावर १३.२ व्होल्ट अशा पायऱ्या असतात. सकाळीं दोन तास जनित्र चालवून "झाली बॅटरी भरून" असें समजणारे पुष्कळ. तिला शेवटचा घांस मिळालेलाच नसतो. असें अर्धपोटीं राहणें नित्याचें झालें कीं शिशाच्या पट्ट्यांवरील गंधकाचे क्षार कठीण होतात व बॅटरीची सांठवणशक्ति कायमची घटते. मोटार चालत असतां तिच्याकडूनहि कांहीं वीज मिळते. पण तार लांब व बारीक असल्यामुळें ती थोडीच.

साधा व्होल्टमीटर जवळ ठेवला तर निघण्यापूर्वींच सारें कळतें. केबल काढून व सर्व कांहीं बंद करून कांहीं तास थांबावें. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखविते, १२.१ च्या सुमारास ती निम्मी उतरलेली असते. मग केबल जोडून बॅटरीच्याच टोकांवर पुन्हां पाहावें. आंकडा १३ च्या वर चढला तर कन्व्हर्टर काम करीत आहे. न चढला तर बॅटरी तोडणारा खटका बंद तर राहिला नाहीं ना, हें आधीं पाहावें, आणि नंतर कन्व्हर्टरचे फ्यूज. बॅटरीच्या तारा एखादवेळीं उलट जोडल्या गेल्या असल्या तर हे फ्यूज तत्काळ जळतात. याहून आंत, १२० व्होल्टच्या बाजूस, घरच्या माणसानें हात घालूं नये. तें काम वायरमनचें. बॅटरींत घालावयाचें तें डिस्टिल्ड वॉटरच, आणि भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघत असल्यामुळें जवळ काडी ओढूं नये.

हल्लींच्या लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात व बरीच अधिक वीज काढूं देतात. पण त्यांस १४.४ ते १४.६ व्होल्ट लागत असल्यानें जुना कन्व्हर्टर त्यांस पूर्ण भरूं शकत नाहीं, आणि गोठणबिंदूखालीं त्या भरूं नयेत. शिशाच्या बॅटरीचें उलट आहे: भरलेली असली तर शून्याखालीं पन्नास अंशांवरहि ती गोठत नाहीं, उतरलेली मात्र शून्याच्या थोड्याच खालीं गोठून फुटते. म्हणून बर्फाच्या प्रदेशांतील जाणती मंडळी हिवाळा लागतांच बॅटरी सोडवून घराच्या तळघरांत आणून ठेवतात व अधूनमधून तिला भरून घेतात.