चाकाचं म्हणणं ऐका

मी कवितेचा माणूस. गाडीच्या बॉनेटखाली काय काय असतं, ते मला आजही धड सांगता येणार नाही. तरीही टायर बदलल्यावर गाडी का वाजते, यावर आज मी बोलणार आहे. कारण हा धडा मला कसारा घाटाच्या अलीकडे मिळाला, आणि माझ्या नशिबानं तो स्वस्तात मिळाला.

ईदनंतरची गोष्ट. थोरल्या आपांना भेटायला आम्ही तिघं नाशिकहून मुंब्र्याला निघालो होतो. मी, बायको आणि मुलगी. आदल्या संध्याकाळी चारही टायर नवे बसवून घेतले होते. दुकानात एकच पोरगा होता. मगरिबची वेळ होत आली होती आणि मीच त्याच्या मागे लागलो होतो, ‘‘बेटा, जरा लवकर कर.’’ त्यानं लवकर केलं.

सकाळी विल्होळी मागे पडलं आणि गाडीच्या मागच्या बाजूनं आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्. मुलीनं दुकानात फोन लावला. उत्तर आलं, ‘‘नवा टायर आहे, दोन दिवस वाजेल, मग बसेल.’’ मला तेच ऐकायचं होतं. मी रेडिओचा आवाज वाढवला. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, आवाज गेला नाही, झाकला गेलाय.’’

वाडीवऱ्हे ओलांडल्यावर रस्त्याकडेला पंक्चरचं एक दुकान दिसलं आणि मी मुकाट्यानं गाडी तिथं घेतली. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. आवाज कधीपासून येतो? वेग वाढला की ठोके भराभर पडतात का? रस्ता बदलला की आवाज बदलतो का? वळणावर काय होतं? ब्रेक दाबल्यावर?

डॉक्टर नाडी हातात घेण्याआधी विचारपूस करतो, तसंच हे. या प्रश्नांमागे काय आहे, ते मला नंतर हळूहळू उमगलं. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज इंजिनाचा की चाकाचा. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, सपाटीवर गाडी क्षणभर न्यूट्रल करावी. इंजिन मंदावलं तरी आवाज तसाच राहिला, तर तो बहुधा चाकाकडचा. दुसरी खूण लयीची. लहान मोटारीचं चाक एका फेरीत साधारण पावणेदोन मीटर अंतर कापतं. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगानं सेकंदाला तीन फेऱ्या होतात. ४० च्या वेगानं सहा. वेग दुप्पट झाल्यावर ठोकेही दुप्पट झाले, तर जे काही वाजतंय ते चाकाबरोबर फिरतंय. मात्रा मोजायची सवय असल्यामुळे असेल, पण हे गणित मला चटकन पटलं.

आता आवाजाची जात पाहू. नुसतीच टिकटिक असेल, तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा निघतो किंवा चाकावरची प्लॅस्टिकची टोपी सैल असते. एकसारखी घूंऽऽ अशी घरघर येत असेल आणि डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर ती बदलत असेल, तर तो टायरच्या नक्षीचा आवाज. काही टायरांच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. असा टायर उलटा बसला तरी आवाज वाढतो आणि पावसात त्याची पकडही कमी होते.

घरघर रस्ता बदलल्यावर बदलत नाही, पण वळणावर बदलते, असं असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर दुखणं बहुधा उजवीकडचं असतं. जुन्या टायरांच्या आवाजाखाली दडलेलं बेअरिंगचं रडगाणं नवे टायर बसल्यावर ऐकू येतं, असंही होतं. पत्रा घासल्यासारखी खरखर येत असेल, तर चाक काढता-घालताना ब्रेकच्या डिस्कमागचा पातळ पत्रा वाकलेला असू शकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासत असेल, तर टायर मापापेक्षा मोठा आहे का ते पाहावं. आणि ८०च्या आसपास वेग गेल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर बॅलन्सिंग राहिलेलं असतं.

यातलं बरंचसं एक-दोन दिवस थांबू शकतं. एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही, आणि माझ्या गाडीत नेमकी तीच होती. मिस्त्रींनी मागच्या डाव्या चाकाची टोपी काढली, नटाला बोट लावलं आणि नट बोटानं फिरला. चारपैकी तीन नट हातानं फिरत होते. पुढे घाट होता. मागच्या सीटवर माझी मुलगी बसली होती.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, बसायची जागा तारेच्या ब्रशनं घासून गंज काढला. भोकं घासली गेलीत का, तेही निरखून पाहिलं. मग नट लावले, पण ओळीनं नाही. एक लावला की त्याच्या समोरचा. ओळीनं आवळले तर चाक एका अंगानं बसतं, खाली फट राहते आणि चालता चालता नट सैल होतात. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर आल्यावर. बळ किती लावायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कमी लावणं वाईट, तसं अंगाचा जोर टाकून अति आवळणंही वाईट. ‘‘शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासा,’’ मिस्त्री म्हणाले. मुंब्र्याला पोचल्यावर मी सगळ्यात आधी तेच केलं.

लहानपणी इगतपुरी स्टेशनावर गाडी थांबली की रेल्वेचा माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन प्रत्येक चाकावर ठोका देत जाताना मी पाहिला आहे. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. कानानं परीक्षा करायची ही रीत जुनी आहे. ट्रकचे क्लीनर आजही टायरवर ठोका मारून हवा अजमावतात. आपणच गाडीच्या काचा बंद करून, गाणी लावून बहिरे झालो आहोत.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथं मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगानं आपलं चाक सेकंदाला अठरा-एकोणीस फेऱ्या घेतं. सैल नटाला तिथं किती वेळ मिळेल, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

त्या पोराला मी नंतर भेटलो. भांडलो नाही, पण काय झालं ते सांगितलं. घाई माझी होती, हेही सांगितलं. आता टायर बदलताना मी स्टूल घेऊन शेजारी बसतो आणि म्हणतो, ‘‘सावकाश होऊ दे, बेटा.’’