शंका विचारतात, संशय घेतात

नवरा उशिरा घरी आला. बायकोने विचारलं, ‘‘आज एवढा उशीर?’’ ही झाली शंका. तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा मोबाइल चाळला, हा संशय. पुढे कधीतरी तो म्हणाला, ‘‘लोकल बंद पडली होती,’’ तेव्हा तिने त्याच्या मित्राच्या बायकोला फोन करून खात्री करून घेतली. हा मात्र अविश्वास.

आपण हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची क्रियापदं बघा. शंका विचारतात, संशय घेतात, अविश्वास दाखवतात. वर्गात बाईसुद्धा ‘‘काही शंका असेल तर विचारा,’’ असंच म्हणतात. उत्तर मिळालं की शंका फिटते. संशयाचं तसं नसतं, तो बळावतो. नवऱ्याने गजरा आणला तरी ‘आज अचानक कसा?’ असा प्रश्न पडतोच. म्हणून मनात पाल चुकचुकली तर त्याच दिवशी विचारून टाकावं, दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याचा सूर बदललेला असतो.

खरं तर संशय हा शब्द मुळात एवढा बदनाम नव्हता. न्यायदर्शनात सांगितलेल्या १६ पदार्थांपैकी तो एक आहे. अंधारात दिसतंय ते झाडाचं खोड की माणूस? असा संशय आला की माणूस जवळ जाऊन बघतो. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव नेमकं तेवढंच करत नाही, म्हणून एका तसबिरीवरून केवढा घोटाळा होतो!

अरबीतून आलेला ‘वहीम’ तर आणखी गमतीचा. पोलिसांचा कोणावर तरी वहीम असतो. तोच शब्द हिंदीत ‘वहम’ होतो, तेव्हा त्याचा अर्थ भ्रम. म्हणजे मराठीत बोट समोरच्याकडे, तर हिंदीत स्वत:च्याच डोक्याकडे. इंदूर-भोपाळच्या मराठी घरांत दोन्ही चालतात.

राहिला अविश्वास. लोकसभेत पहिला अविश्वास ठराव १९६३मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. तिथे निदान चर्चा होते, आरोप झालेल्याला उत्तर देता येतं. घरात ठराव कोणी मांडतच नाही. फक्त संध्याकाळी गॅसवर एकाच कपाचा चहा चढतो.