पिवळ्या पानाचा माग
जुडीतली मेथी पिवळी पडली की ती नासायला लागली, असं आपण धरून चालतो. गेल्या दीडशे वर्षांचं संशोधन मात्र निराळं सांगतं: खुडलेलं पान जिवंत असतं, श्वसन करतं आणि ठरावीक क्रमाने स्वतःला मोडत जातं. याचा पहिला धागा मेंडेलच्या १८६६ च्या निबंधात आहे. वाटाण्याच्या पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकरात पिवळा रंग प्रभावी ठरला. म्हणजे हिरवा रंग घालवणं हे रोपाचं नेहमीचं काम आणि तो राहून जाणं हा बिघाड. पण तेव्हा याकडे असं कोण पाहणार? हरितद्रव्य तुटून जातं कुठे, याचं उत्तर फार काळ मिळालं नाही, कारण मागे उरत होतं ते रंगहीन. १९९१ मध्ये क्रॉयटलर आणि माटील यांच्या गटाने सातूच्या पानांतल्या अशा अवशेषाची रचना उलगडली. दरम्यान १९७५ मध्ये वेल्समध्ये थॉमस आणि स्टॉडार्ट यांनी म्हातारपणीही हिरवंच राहणाऱ्या एका कुरणी गवताचं वर्णन केलं होतं. त्याच गवताच्या आधाराने २००७ मध्ये मेंडेलच्या हिरव्या दाण्यांचं जनुक सापडलं. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेणं हे त्या जनुकाच्या प्रथिनाचं काम, हे २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं.

पाणी उडतं, जंतू लागतात, यात क्रम कसला, असं कोणी म्हणेल. पण १९५७ मध्ये रिचमंड आणि लँग यांनी तोडलेल्या पानांना कायनेटिन हे संप्रेरक दिलं, तेव्हा ती जास्त दिवस हिरवी राहिली, त्यांतली प्रथिनंही टिकली. नुसतं सुकणं किंवा सडणं अशा संप्रेरकाला दाद देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झाडावरचं पान मोडतं ते आपला नत्र बियांना देण्यासाठी, खुडलेल्या पानाने तो कोणाला द्यायचा? कोणालाच नाही. उत्क्रांतीने ही व्यवस्था मंडईसाठी घडवलेली नाही. अन्नपुरवठा तुटला की ती सुरू होते आणि सुटलेला नत्र पानातच अमाइडांच्या रूपात साचतो. हिरवंच राहणाऱ्या त्या गवताने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि भाजी पारखताना तीच जास्त उपयोगाची आहे: रंग टिकूनही त्याचं प्रकाशसंश्लेषण मंदावत होतं. पालकाचंही तसंच, पान हिरवंगार दिसत असतानाच त्यातलं क जीवनसत्त्व घटू लागतं. विक्रेत्याने शिंपडलेल्या पाण्याने पानं तरतरीत होतात, ही मोडतोड थांबत नाही. ती मंदावते थंडीत.