पंधरा पानांचे टाचण
(नव्याच्या सणाच्या मेजवानीविषयी ऊद मेथाहून)

नव्याचा सण जवळ आला की प्रत्येक बेने इस्राएल घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की पानात काय वाढावयाचे? चिकाचा हलवा हवाच, त्याविषयी दुमत नाही. परंतु हलव्याभोवतीचे पान कोणासाठी मांडावयाचे, हा प्रश्न परमुलखात राहणाऱ्यांना दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो. २०२२ सालच्या सणास तो आमच्यापुढे फारच बिकट होऊन आला. तो कसा सुटला, आणि सोडविताना आम्हांस काय उमगले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बिऱ्हाड दुबईतील ऊद मेथा या वस्तीत आहे. वाळवंटातील शहर म्हटले की उंच मनोरे डोळ्यांपुढे येतात. पण ऊद मेथा ही शाळा, दवाखाने आणि प्रार्थनामंदिरे यांची वस्ती. १९६१ साली स्थापन झालेले इंडियन हायस्कूल येथेच आहे. शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ साली उभे राहिलेले सेंट मेरीज चर्चही येथेच. सकाळी येथल्या रस्त्यावर मल्याळम, गुजराती, कोकणी, उर्दू आणि मराठी अशा पाच भाषा तरी कानी पडतात. पलीकडे करामा. तेथे नारळ, कढीलिंब, आमसुले, चवळी, वरई, सारे काही मिळते. मिळत नव्हते ते इतकेच, की आपल्या सणाला पानावर बसणारे आपले माणूस.

आणि जेव्हा ते आले, तेव्हा आमच्या हातून चूक झाली.

आमचा धाकटा भाऊ अश्दोदला स्थायिक आहे. २०२० च्या सप्टेंबरात इस्राएल व संयुक्त अरब अमिरात यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुबई ते तेल अवीव अशी थेट विमाने सुरू झाली. पुढे दुबईत एक्स्पो प्रदर्शन चालू असताना भाऊ कुटुंबासह प्रथमच आमच्या घरी आला. आम्ही हौसेने नारळाच्या रसातले कोंबडीचे कालवण केले. कोंबडी अर्थात हलाल दुकानातली. परदेशी इतकी वर्षे काढल्यावर ‘हलाल ते आपल्याला चालते’ अशी आमची समजूत होऊन बसली होती. वस्तुतः शोहेताने केलेली शेहिता, आतड्या-फुफ्फुसांची तपासणी आणि मीठ लावून रक्त काढणे, ही आपली रीत निराळी आहे. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही ते सोयीने विसरलो होतो. भावजय व भाची यांनी त्या रात्री दोन केळी आणि मूठभर खजूर खाल्ले. प्रवासाने भूक मेली आहे, असे त्या म्हणाल्या. कोणी अधिक बोलले नाही. पण भांडी घासताना आई हळूच म्हणाली, “घरच्या पोरी उपाशी उठल्या.” हे वाक्य आम्हांस महिनोन्महिने टोचत राहिले.

टाचणाचा पहिला रकाना

पुढच्या सणास भाऊ पुन्हा येणार असे ठरले, तेव्हा आम्ही वही काढली. आम्ही पेशाने शिक्षक. अध्यापक विद्यालयात आम्हांस पाठाचे टाचण काढावयास शिकविले, तेव्हा एक गोष्ट मनावर बिंबविली गेली होती : टाचणाचा आरंभ विषयापासून करू नये, विद्यार्थ्यापासून करावा. त्याला काय येते, काय पेलते, हे आधी लिहावे. मेजवानीचा बेत ठरवितानाही आपण बहुधा हीच चूक करतो. पदार्थांची यादी आधी करतो, माणसांची नंतर.

म्हणून आम्ही माणसे लिहिली. घरची चार, भावाकडची चार. एक गोव्याचे ख्रिस्ती दांपत्य, यजमानांना मधुमेह. एक कोळिकोडचे मुसलमान दांपत्य. एक पुण्याचे दांपत्य, आणि वरच्या मजल्यावरचे एक वृद्ध जैन आजोबा. एकंदर पंधरा पाने. मग प्रत्येकापुढे त्याचे नियम लिहिले. भावाकडच्यांना कोशेर अन्न आणि कोशेर भांडी. कोळिकोडकरांना मद्याचा थेंब नको. आजोबांना कांदा, लसूण, कंदमुळे आणि मध वर्ज्य. चातुर्मास असल्याने पालेभाजीही नको, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. पुण्याच्या वहिनींचे काय, ते पंचांग पाहिल्यावर कळले. आपला पहिला दिवस २६ सप्टेंबर, आणि घटस्थापनाही त्याच दिवशी! वहिनींना नवरात्राचा उपवास.

हा योगायोग नव्हे. आपले व हिंदूंचे, दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात आणि अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतात. त्यामुळे तिशरीची प्रतिपदा पुष्कळदा आश्विनाच्या प्रतिपदेला गाठते. २०२२ प्रमाणेच २०२४ व २०२५ सालीही नव्याचा सण घटस्थापनेस लागून आला. २०२१ व २०२३ साली तो गणेश चतुर्थीच्या आगेमागे आला. ज्यांच्या घरी हिंदू मित्र येतात, त्यांनी आमंत्रणाआधी पंचांग पाहावे, ही आमची पहिली सूचना.

प्रथम आम्ही प्रत्येकासाठी निराळा पदार्थ लिहू लागलो. वही भरली, आणि ती मेजवानी न राहता खानावळ झाली. भावाला फोनवर वाचून दाखविले, तेव्हा तो चिडला. म्हणाला, “सगळ्या जगाचे नियम पाळता पाळता आपला सण कुठे राहिला?” त्याचे म्हणणे आम्हांस लागले, कारण त्यात तथ्य होते.

आबाये यांची यादी

मग आम्ही उलट रीतीने पाहिले. सणाला आपण खावयाचे तरी काय? बाबेली तालमुदात आबाये या विद्वानांनी वर्षारंभी समोर असावेत असे पाच जिन्नस सांगितले आहेत : भोपळा, रुबिया, कांद्याच्या जातीची पात, बीटवर्गातील पालेभाजी आणि खजूर. रुबिया म्हणजे राशी यांच्या मते मेथी. पूर्वेकडील यहुदी मात्र चवळी घेतात. यांत डाळिंब, सफरचंद व माशाचे डोके मिळविले की आपले शुभचिन्हांचे ताट पुरे झाले. या यादीत मांस नाही, दूध नाही, मद्य नाही.

आता आपल्या कोकणच्या घरातले पाहा. किद्दुशला द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे शरबत आपले वाडवडील करीत आले. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून कालवणात नारळाचा रस आला, आणि हलवाही नारळाच्याच दुधात शिजला. म्हणजे कोळिकोडकरांचा प्रश्न मनुकांनी सोडविला होता आणि शाकाहारी मंडळींचा चवळी-भोपळ्याने. मासा तर खवले व पर असलेला असला की आम्हांलाही चालतो आणि मुसलमान व ख्रिस्ती पाहुण्यांनाही. आम्ही यादीतून एकेक पदार्थ खोडीत गेलो आणि शेवटी जे उरले, ते आमच्या आजीच्या अलिबागच्या इस्राएल आळीतल्या घरचे पान होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहून आपला नियम न मोडणाऱ्या लोकांनी हे अन्न घडविले आहे. ते शेजाऱ्यांना चालावे यात नवल काय?

भावाला पुन्हा फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “भांडी मात्र नवी घ्या.”

तयारी

भांडी नवी घेतली. पोलादी पातेली, काचेच्या ताटल्या, मिक्सरचे भांडेही. शुक्रवारी सकाळी भाऊ व भाचा ती घेऊन जुमेराच्या किनाऱ्यावर गेले आणि रीतीप्रमाणे समुद्राच्या पाण्यात बुडवून आणली.

त्या वर्षी वेळेचे गणित अवघड होते. शनिवारी शाब्बाथ, रविवारी सूर्यास्तास सण सुरू. पाहुणे बोलाविले होते सोमवारी, म्हणजे दुसऱ्या रात्री. आणि पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करावयाची नाही, असा दंडक. म्हणून सारे शिजविणे रविवारी संपले पाहिजे, आणि पदार्थ असे हवेत की शिळे झाल्याने बिघडू नयेत. चवळीची उसळ, भोपळा आणि आमसूल घातलेला मासा यांना ही कसोटी सहज उतरते.

चिकाचे वेळापत्रक आईने आखले. आम्ही टाचणात वेळ वाचविण्यासाठी ‘चायना ग्रास’ लिहिले होते. तिने ते खोडून थरथरत्या अक्षरांत ‘चीक’ लिहिले. गहू मंगळवारी भिजत घातले, पाणी रोज बदलले. शुक्रवारी दुपारी वाटून, फडक्यातून गाळून शाब्बाथपूर्वी शीतकपाटात ठेवले. शनिवारी रात्री वरचे पाणी ओतून दिले, तो तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला. चिकाच्या एका वाटीस चार वाट्या नारळाचे दूध आणि दीड ते दोन वाट्या साखर, हे आमच्या घरचे प्रमाण. सारे थंड असतानाच एकजीव करावे, मगच चुलीवर ठेवावे. आणि एकदा ठेवल्यावर हात थांबवू नये.

आईचा हात आता फार वेळ चालत नाही. रविवारी तिने ढवळणे भाचीकडे दिले. भाचीला मराठी समजते, बोलता मात्र थोडेच येते. अश्दोदला हलवा कॉर्नफ्लॉवरचा होतो. पाऊण तास ती ढवळीत होती. मधूनमधून “झाला?” एवढे विचारी आणि आई मान हलवी. हलवा कडा सोडू लागला, तूप नसतानाही त्यावर नारळाचे तेल चमकले, तेव्हा आईने थाळीला बोट लावून पाहिले व म्हणाली, “आता झाला. हे लक्षात ठेव, घड्याळ पाहू नकोस.”

पान

पाहुण्यांसाठीचा बेत पुढीलप्रमाणे होता. ज्यांना उपयोगी वाटेल त्यांनी तो उतरून घ्यावा.

१. काळ्या मनुकांचे शरबत : अर्धा किलो मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून गाळलेले. हमोत्सीसाठी घरच्या चपात्या.

२. खजूर, डाळिंब आणि सफरचंद; सोबत मध, व निराळ्या वाटीत साखर.

३. चवळीची उसळ : आमसूल, गूळ व ओले खोबरे, कांदा-लसूण नाही.

४. लाल भोपळ्याची भाजी : जिरे, हिरवी मिरची, खोबरे व सैंधव, म्हणजे उपवासालाही चालावी.

५. बीटची पाने, नीट धुऊन व किडीसाठी निरखून. कांद्याची पात वेगळ्या ताटलीत.

६. हिरव्या वाटणातले पापलेट, आणि डोक्यासह शिजविलेला एक हामूर. हे दोन्ही दुसऱ्या टोकाच्या मेजावर, वेगळ्या पळ्यांसह.

७. साधा भात.

८. वरईची खीर, नारळाच्या दुधातली.

९. चिकाचा हलवा : बोटभर वड्या, म्हणजे मधुमेह्याला एक घेऊन थांबता येते.

जैन आजोबा पाच वाजताच आले. सप्टेंबरअखेरीस येथे सव्वासहाच्या आतच सूर्य मावळतो. त्यांना उसळ, भोपळा, भात आणि हलवा वाढला. पदार्थ थंड होते, पण त्यांनी हलवा दोनदा मागून घेतला. बाकीची मंडळी रात्री जमली. शिजविलेले काही आणू नये, अशी विनंती आम्ही आधीच केली होती. पुण्याच्या वहिनींनी माहेरून आलेली सीताफळे आणली. दुसऱ्या रात्री नवे फळ घेऊन शेहेहियानू म्हणण्याची आपली रीत. ते फळ आयतेच घरी चालत आले. अश्दोदच्या मुलांनी सीताफळ प्रथमच चाखले.

त्या रात्री एकाही पाहुण्याने “यात काय आहे?” असे विचारले नाही. पानापाशी बसल्यावर विचारावे लागते तेव्हा माणूस संकोचतो, आणि संकोचलेला माणूस केळे खाऊन उठतो. आमची भावजय त्या दिवशी तशी उठली होती. यजमानाने आधी विचारावे, म्हणजे पाहुण्याला नंतर विचारावे लागत नाही. हेच आमच्या मते आदरातिथ्याचे पहिले कलम.

जाताना भावाने टाचणाचा कागद मागितला. आम्ही त्याची नक्कल काढून दिली. मूळ प्रत आमच्याकडेच आहे, ‘चायना ग्रास’वरची काट आणि आईचे अक्षर यांसाठी. पुढील वर्षी भाचीने अश्दोदहून दूरध्वनी केला. तिने चीक स्वतः काढला होता. आईने प्रकृती विचारली नाही, हवा विचारली नाही. एवढेच विचारले, “कडा सोडल्या का गं?”

पलीकडून मराठीत उत्तर आले, “सोडल्या, आजी.”

असो. सर्व वाचकांस शाना तोवा!