हातोहाती फिरणाऱ्या फोनची राखण

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या मधल्या गोंडपिपरी तालुक्यात घरातला स्मार्टफोन सहसा एकट्याचा नसतो. मुलगा त्यावर क्रिकेट बघतो, सून माहेरी बोलते आणि म्हाताऱ्या सासऱ्याचे आधार, पीएम-किसान व बँक खाते त्याच नंबराला जोडलेले असते. अर्ज भरायचा असला की फोन सेवा केंद्राच्या टेबलावर जातो. काच फुटली की दुरुस्तीच्या दुकानात. सुरक्षेचे बहुतेक नियम एक फोन, एक मालक असे धरून लिहिलेले असतात. इथे फोन कोणाच्या हाती किती उघडा जातो, हे आधी पाहावे लागते.

पहिले काम कुलपाचे. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२ रचना होऊ शकतात, पण माणसे बहुधा एका कोपऱ्यातून सुरू होणारी सोपी रेघच निवडतात. शिवाय बोटांच्या तेलकटपणामुळे ती रेघ काचेवर उमटून राहते. फोन उजेडात तिरपा धरला की दिसते. बोटाच्या ठशाचे कुलूप सोयीचे खरे, पण रोवणी आणि कापूसवेचणी करणाऱ्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि रेशन दुकानातल्या यंत्रासारखाच फोनही ते बोट ओळखत नाही. म्हणून सहा अंकी पिन बरा. चार अंकांच्या १० हजार जोड्या होतात, सहा अंकांच्या १० लाख. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवू नये. कुलूप लावूनही मेसेजचा मजकूर कुलूपबंद स्क्रीनवर झळकत असेल, तर ओटीपी वाचायला फोन उघडावाच लागत नाही. नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून तो मजकूर लपवता येतो. मुलाला फक्त व्हिडिओ पाहायला फोन द्यायचा असेल, तर स्क्रीन पिन करण्याची सोय वापरावी. तीत पिन विचारण्याचा पर्याय चालू ठेवला, तर पिन टाकल्याशिवाय त्या ॲपबाहेर जाता येत नाही.

फोनचे कुलूप सिमला लागू नसते. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी तिकडे येऊ लागतात. त्यावर उपाय सिम पिनचा. तो सुरू करताना कंपनीने आधीच ठेवलेला पिन विचारला जातो. तो कंपनीकडून कळतो, मग बदलून घ्यायचा. तीन वेळा चुकला की सिम उघडण्यासाठी पीयूके हा आठ अंकी कोड लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. त्यामुळे अंदाजाने अंक टाकू नयेत.

त्यानंतर ॲप आणि त्यांना दिलेल्या परवानग्या. २०२१ पासून शेतकरी वापरत असलेले ई-पीक पाहणी ॲप कॅमेरा आणि लोकेशन मागते. उभ्या पिकाचा फोटो शेतातूनच काढला आहे, याची नोंद त्याशिवाय होत नाही, म्हणून ही मागणी रास्त आहे. टॉर्चच्या ॲपने संपर्क किंवा मेसेज मागितले, तर त्याचे काहीच कारण नसते. परवानगी देण्यापूर्वी एवढेच पाहायचे, की या कामाला हे लागते का.

मोठे नुकसान एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइलमुळे होते. व्हॉट्सॲपवर वाहनाचे चलान, पीएम-किसानची यादी किंवा लग्नपत्रिका अशा नावाने फाइल येते, पुष्कळदा ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच या सापळ्यात अडकलेला असतो. फाइलवर बोट ठेवले की फोन बजावतो, अज्ञात ठिकाणचे ॲप घेण्यास परवानगी नाही. बटण सरकवून ती दिली की ॲप बसते आणि मेसेज वाचण्याची मुभा मागते. काही ॲप ॲक्सेसिबिलिटीही मागतात. ती मिळाली की स्क्रीनवरचे वाचणे आणि बटणे दाबणेही त्यांच्या हाती जाते. पुष्कळदा चिन्ह नाहीसे होते, ॲप मागे चालूच राहते आणि आलेला ओटीपी परस्पर पुढे जातो. असे झाल्यास आधी फ्लाइट मोड लावून सिम काढावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. मग सेटिंगमधून ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची मुभा काढून ॲप हटवावे. मुभा तशीच राहिली तर अनइन्स्टॉलचे बटण चालत नाही. तरीही ॲप निघाले नाही, तर फोन रिसेट करण्याला पर्याय नसतो.

ओटीपी कोणालाही सांगू नका, ही सूचना सेवा केंद्राच्या टेबलावर टिकत नाही, कारण तिथले कामच ओटीपी सांगून होते. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरावर एक आणि पती किंवा वडिलांच्या नंबरावर दुसरा असे दोन ओटीपी द्यावे लागत होते. अशा वेळी केवळ अंक न सांगता अख्खा मेसेज वाचून घ्यावा. कोणी पाठवला आणि कशासाठी, हे त्यातच लिहिलेले असते. काम आधार पडताळणीचे आणि मेसेज बँकेचा असेल, तर तिथेच थांबावे. वाचता येत नसेल तर घरातले शाळकरी पोर सोबत न्यावे. यूपीआयचा पिन मात्र कोणालाच सांगायचा नसतो, आणि पैसे मिळवण्यासाठी तो कधीच लागत नाही. केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला असेल, तर काम होताच तो दोन्ही फोनमधून काढायला लावावा. जिथे चालते तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. अंगठा लावून पैसे काढण्याचा गैरवापर टाळण्यासाठी आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते आणि गरजेपुरते उघडता येते.

दुरुस्तीला फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड घरीच काढून ठेवावे. दुकानदार टच तपासायचा म्हणून पासवर्ड मागतो. टच कुलूपबंद स्क्रीनवरच्या इमर्जन्सी कॉलच्या आकड्यांवर तपासता येतो. चार्जिंग होते की नाही, हे बंद फोनही दाखवतो. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो. तो लावला की फोन चालतो, पण फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. फोन विकताना आधी गूगल खाते काढावे, मग रिसेट करावा. उलट केले तर घेणाऱ्याला जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो.

फोन हरवलाच तर उपयोगी पडतो आयएमईआय. *#०६# डायल केल्यावर हा १५ अंकी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. तो बिलासोबत घरच्या वहीत आधीच लिहून ठेवावा. फोन गेल्यावर सिम बंद करावे, बँकेला सांगून यूपीआय थांबवावे, दुसऱ्या फोनवरून गूगल खात्यात शिरून हरवलेला फोन लॉक करावा, पोलिसांत तक्रार द्यावी आणि त्याच नंबराचे नवे सिम घ्यावे. मग तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर या हरवलेले फोन रोखणाऱ्या व्यवस्थेत फोन ब्लॉक करावा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही, आणि त्यात दुसरे सिम घातल्यास पोलिसांना माग मिळू शकतो. फोन परत मिळाला की तिथेच अनब्लॉक करावा लागतो.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ती वाटेत गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना, बँकेबाहेरच्या कोणाच्या लबाडीने पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि नंतरचे बँकेचे. म्हणून लाजेखातर गप्प बसणे महागात पडते. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत आयएमईआयच्या खालीच लिहून ठेवावी. बँकेशी पुढचा सगळा व्यवहार त्यावरच चालतो.