'इतर'च्या रकान्यातले ४३

वापी–सिल्वासा रस्त्यावर दादऱ्याजवळ वनगंगा तलावाची बाग आहे. रविवारी दुपारी तिथं वापीची कुटुंबं डबे घेऊन येतात, पोरं बोटीत बसायला रडतात, लग्न ठरलेली जोडपी पुलावर उभी राहून फोटो काढतात. प्रश्नावली भरायला ही जागा मी निवडली नव्हती, समोर बसलेल्या बाईनं निवडली होती. "गर्दीत कोणी बघत नाही, बेन," ती म्हणाली. "रिकाम्या जागी बसलो तर सगळे बघतात."

तिच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास होता. माझ्या मांडीवर सहा पानांचा कागद आणि शिसपेन्सिल. पेन मुद्दाम आणलं नव्हतं, कारण उत्तर खोडायचा हक्क उत्तर देणाऱ्याचा.

काम तसं छोटं होतं. सिल्वासा आणि आसपासच्या समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांना सरकारकडून नेमकं काय हवंय ते विचारायचं आणि प्रशासनापुढे ठेवायचं. त्याआधी प्रश्न चालतात की अडतात ते तपासायचं. मी डहाणूकडची, गुजराती कळते, वारली थोडीफार, म्हणून ओळखीतून बोलावणं आलं. सोबत इथलाच एक कार्यकर्ता होता. तो आठवडाभर प्लास्टिकच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि रविवारी हे.

निघताना हातात एकच आकडा होता, ४३. २०११च्या जनगणनेत लिंगाच्या प्रश्नात '१ पुरुष, २ स्त्री' यांच्यापुढे पहिल्यांदा '३ इतर' आलं. देशभरात या तिसऱ्या कोडखाली ४,८७,८०३ जण नोंदले गेले, महाराष्ट्रात ४०,८९१ आणि ३,४३,७०९ वस्तीच्या दादरा-नगर हवेलीत ४३. देशाच्या आकड्यात ५४,८५४ तर सहा वर्षांपर्यंतची मुलं आहेत. त्या वयाच्या मुलाबद्दल हे कुणी आणि काय समजून सांगितलं असेल? आणि मोठ्यांपैकी किती जणांबद्दल घरातल्या दुसऱ्याच कुणी काहीतरी सांगून टाकलं असेल? शिवाय हा रकाना फक्त लिंगाचा. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष किंवा बाईवर जीव लावणारी बाई जनगणनेत कुठंच येत नाही.

आकडा कमी आहे म्हणून मला घोर लागला नव्हता. घोर वेगळाच होता. वय, गाव, काम आणि ओळख असे चार रकाने एकत्र ठेवले की इतक्या लहान जागी माणूस सरळ ओळखू येतो. खानवेलकडचा, चाळिशीचा, अमुक खात्यात कामाला, म्हटलं की झालं. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण-दीवबरोबर एकच केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा नाही, आमदार नाही, मागणी घेऊन जायचं ते प्रशासनाच्याच दारात. २०१९च्या ट्रान्सजेंडर कायद्याखालचं ओळखपत्रही जिल्हाधिकारीच देतात. म्हणजे आमचा तक्ता ज्या इमारतीत जाणार, त्याच इमारतीत नावानिशीचे अर्जही असणार. म्हणून पहिला नियम असा ठरला की तक्त्यात पाचापेक्षा लहान आकडा छापायचा नाही, तो शेजारच्या रकान्यात मिसळायचा. एका मित्रानं विचारलं, मग मोजता कशाला? प्रश्न बरोबर होता. किती आहात हे मोजायला आम्ही निघालोच नव्हतो.

नाव लिहायचं नाही, पण एकाच माणसाचा फॉर्म दोनदा भरला जाऊ नये म्हणून खुणेचा कोड लागतो. आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःची जन्मतारीख. मी रसवाल्या बाईला अक्षर विचारलं. तिनं ग्लास खाली ठेवला.

"कुठल्या आईचं? दोन आहेत."

एक जन्म देणारी, एक गुरू. मी म्हटलं, कायम लक्षात राहील ते सांगा. तिनं गुरूचं सांगितलं. त्या रात्री पानाखाली टीप वाढली: 'ज्यांना आई मानता त्यांचं.'

शब्दांनी तर आमची चांगलीच खोड मोडली. मराठी मसुद्यात प्रश्न होता, 'तुमचा लैंगिक कल काय आहे?' पहिल्याच दिवशी नंदुरबारकडचा एक पोरगा हसत सुटला. "कल म्हणजे? निवडणुकीत हाती येतात ते?" पुस्तकात शोभणारा शब्द नाक्यावर उताणा पडतो तो असा. 'ट्रान्सजेंडर' शिकलेल्यांना कळतं. 'तृतीयपंथी' वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. गुजरातीत 'पावैया' म्हटलं की बहुचरामातेशी जोडलेली परंपरा डोळ्यासमोर येते आणि 'माशीबा' ही आदरानं मारायची हाक आहे. एचआयव्ही प्रकल्पात काम केलेली माणसं पुरुष-पुरुष संबंधांतले कोथी, पंथी असे शब्द सहज बोलतात, पण गावाकडून आलेल्याला ते परकेच. शेवटी आम्ही ओळख सांगणारे हे शब्दच काढून टाकले आणि साधं विचारलं: जोडीदार म्हणून तुमचं मन कुणाकडे जातं? बाईकडे, पुरुषाकडे, दोघांकडे, की कुणाकडेच नाही? खानवेलच्या बाजूला वारली बोलणाऱ्या एका माणसानं हा प्रश्न ऐकला, बराच वेळ पायानं माती उकरली आणि म्हणाला, "असं कोणी विचारलं नव्हतं." पुढे काही बोलला नाही. फॉर्म तिथंच थांबला. संमतीच्या परिच्छेदात 'केव्हाही थांबू शकता' असं लिहिलेलं असतं, ते खरं होताना पाहायचा तो माझा पहिलाच प्रसंग.

तो नंदुरबारचा पोरगा किलवणी नाक्याजवळच्या चाळीत राहायचा, एका खोलीत सहा जण. २०११ साली इथं दर हजार पुरुषांमागे ७७४ बायका होत्या. पिपरिया, मसाट, रखोलीच्या कारखान्यांसाठी बाहेरून येणारा मजूर मुख्यतः पुरुष. दिवसपाळीवाला निघतो तेव्हा रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो. अशा खोलीत 'खासगी मुलाखत' कशी घ्यायची? ब्रिटनच्या सरकारनं २०१७ साली अशाच माणसांची ऑनलाइन पाहणी केली, लाखाहून जास्त लोकांनी ती भरली आणि पुढच्या वर्षी तिच्यावरून कृती आराखडाही निघाला. हे वाचून हेवा वाटतो. पण ती भरणाऱ्याकडे स्वतःचा फोन होता आणि दार लावता येईल अशी खोली होती. आमच्या पोराच्या फोनचा पॅटर्न पाचही जणांना पाठ. मला मुंबईचे र. धों. कर्वे आठवले. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि लोक त्यांना पत्रानं लैंगिक प्रश्न विचारत राहिले. पाकीट डिंकानं बंद करता येत होतं, एवढी सोय आज या खोलीत नाही.

मग त्याची मुलाखत आम्ही चालत चालत घेतली. रस्त्याच्या कडेनं मी प्रश्न विचारायचे, तो उत्तराचा नुसता आकडा सांगायचा. कुणी ऐकलं तरी "दोन… चार… एक" एवढंच. 'गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी किती वेळा काम केलंत?' या प्रश्नाला त्यानं सगळ्यात मोठा आकडा सांगितला. मेहनती कामगार, असं मनात म्हणत मी पुढे गेले. चार प्रश्नांनंतर तो स्वतःच मागे आला. "ते सुट्टीचं… दिवाळीला घरी गेलो तर मुलगी दाखवतात, ताई. म्हणून मीच सुपरवायझरला सांगतो, मला ओव्हरटाइम दे." नुसता आकडा वाचणाऱ्यानं हे कधीच ओळखलं नसतं. आम्ही तिथं 'का?' असा मोकळा रकाना घातला.

सगळ्यात दणकून आपटलो ते कुपनांवर. डग्लस हेकाथॉर्न नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९९७ साली एक पद्धत मांडली. जिथं यादीच नाही तिथं माणसांनीच माणसं आणायची. पहिल्याला मोजकी कुपनं द्यायची, ती त्यानं ओळखीच्यांना द्यायची, त्यांनी पुढे. साखळी लांबली की पहिल्या निवडीतला पक्षपात विरत जातो. भारतातही एचआयव्हीच्या पाहण्यांत ती वापरली गेली आहे. मी हौसेनं रंगीत कार्डशीटची कुपनं कापून नेली, प्रत्येकाला तीन. पुढच्या रविवारी बहुतेक तशीच परत आली, काही तर पाकिटात घडी न मोडता. सोबतच्या कार्यकर्त्यानं चहा फुंकत समजावलं. "कुपन दिलं म्हणजे मी त्याला सांगितलं, की तू कोण ते मला माहीत आहे. आणि त्यानं घेतलं म्हणजे त्यानं कबूल केलं. इथं सगळे एकाच कंपनीच्या बसनं जातात, ताई." पद्धत चुकीची नाही. मोठ्या शहरात माणूस माणसात हरवतो, तिथं ती चालते.

हा कार्यकर्ता पूर्वी एचआयव्ही प्रकल्पात होता. त्या प्रकल्पांचे नकाशे त्याला तोंडपाठ: कुठल्या थांब्यामागे, कुठल्या ढाब्यावर, किती वाजता. कंडोमचा हिशेब या देशात किती चोख ठेवला जातो ते त्याच्याकडून ऐकावं. भाड्याच्या खोलीचा हिशेब त्या नकाशात नसतो. चूक प्रकल्पाची नाही, तो रोगासाठीच आखलेला. पण मग सरकारला ही माणसं दिसतात ती रोगाच्याच खिडकीतून.

वनगंगेला परत येते. रसवाल्या बाईला विचारलं, 'दवाखान्यात तुमच्याशी भेदभाव होतो का?' तिनं ताबडतोब सांगितलं, "ना." मी 'नाही'वर खूण केली. पण पुढचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळ्या घाटाचा ठेवला होता: 'शेवटचं आजारी पडलात तेव्हा काय केलंत?'

"मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या."

"दवाखान्यात का नाही?"

"केसपेपरला दोन लाइन असतात, बेन. बायकांच्या लाइनीत बायका सरकतात. पुरुषांच्यात पुरुष सरकत नाहीत." हे म्हणताना ती हसली. दवाखान्यात ती गेलीच नव्हती, मग भेदभाव कुठून होणार? ताप तीन आठवडे होता. खाट पुरुषांच्या वॉर्डात मिळेल की बायकांच्या, हे आधी कोणी सांगितलं असतं तर गेली असती, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून 'भेदभाव' हा शब्द आमच्या प्रश्नावलीतून गेला. 'शेवटचं कधी' आणि 'मग काय केलंत' एवढे दोनच उरले. दवाखाना, पोलीस चौकी, बँक, भाड्याची खोली, रेशन दुकान, सगळीकडे तेच. आणि प्रशासनापुढे ठेवायच्या कागदावर पहिली ओळ एवढीच आली की केसपेपरसाठी तिसरी रांग नको, टोकन द्या. तिसरी रांग काढली तर तिथं उभं राहणाराच सगळ्यांना दिसेल. हे मला सुचलं नव्हतं, तीच म्हणाली.

रेशनच्या पानावर मात्र आम्ही दोघी अर्धा तास अडकलो. 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, इतर असे पर्याय होते. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख. तिच्या डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि चेल्यांच्या घरात, पाच जणी, सगळ्यांत मोठी गुरू. गुरूच्या आधारवर 'पुरुष'. एकीनं प्रमाणपत्र काढून 'ट्रान्सजेंडर' करून घेतलेलं, दोघींची कागदपत्रं आईबापाच्या घरीच राहिलेली. पाच जणी एका चुलीवर जेवतात, पण कागदावर ते घरच नाही. २०२३च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मात्र अशा जोडप्यांच्या हक्कांसाठी केंद्राची समिती नेमली जाईल, हे नोंदवून घेतलं. त्यातूनच २०२४ साली केंद्राकडून राज्यांना सूचना गेली की अशा जोडीदारांना रेशनसाठी एकाच घरातले धरावं. जोडीदारांसाठी हे झालं. गुरू आणि चेल्यांचं काय, हे त्यात मला सापडलं नाही.

"इतर लिहू?" मी विचारलं.

"इतर म्हणजे पाहुणे," ती म्हणाली.

बायकांचे फॉर्म आमच्याकडे जवळजवळ नव्हतेच. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका एचआयव्हीच्या नकाशात नाहीत, नाक्यावर उभ्या राहत नाहीत, बागेत दोघी बसल्या तर मैत्रिणीच दिसतात. मुंबईच्या लाबिया या गटानं २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला तो अवघ्या ५० जीवनकथांवर, आणि त्यात माहेरच्या घराबद्दल आणि शाळेबद्दल जे आहे ते वाचून कळतं की पन्नास नीट ऐकलेली माणसं पुरतात. पण ती पन्नास दारं कोण उघडणार? आमची कुपनं तर पाकिटातच राहिली होती.

सहावं पान संपलं. २०२७च्या जनगणनेचा विषय मीच काढला. विचारलं, २०११ला तुम्ही कुठं होता?

"इथंच."

"मग त्या त्रेचाळिसात तुम्ही?"

"मला कोणी विचारलंच नाही. घरमालक ओट्यावर बसला होता, त्यानं सगळ्यांची नावं सांगितली." ग्लासच्या तळाचा बर्फ तिनं तोंडात टाकला. "त्याला जे वाटलं ते लिहिलं असेल."

मी कागद पाकिटात घातला, तिच्यासमोर चिकटवला आणि कडेवर दोघींनी सहीऐवजी पेन्सिलीची रेघ मारली. सवयीनं माझा हात पिशवीतल्या कुपनांकडे गेला, तिनं तो पाहिला.

"ते नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या. नरोलीच्या बाजूला दोघी आहेत, शिवणकाम करतात. सांगून येणार नाहीत त्या. पण मी सोबत असले तर चहा ठेवतील."