आय-ट्वेंटीवरचा संकेतांक

अमेरिकेतील विद्यापीठात वित्तशास्त्र शिकून तेथेच नोकरी धुंडाळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा २००८ ते २०२२ या काळातील इतिहास तपासू गेल्यास, त्याचे भवितव्य बाजाराच्या तेजीमंदीवर जितके अवलंबून राहिले, त्याहून काकणभर अधिक त्याच्या पदवीला सरकारी दप्तरात कोणता संकेतांक लाभला यावर अवलंबून राहिले, असेच दिसून येते. शिक्षणोत्तर बारा महिने काम करण्याची मुभा, जिला विद्यार्थी ओपीटी म्हणतात, सर्वांनाच होती. परंतु एप्रिल २००८ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या ‘स्टेम’ शाखांच्या पदवीधरांना तीत १७ महिन्यांची वाढ मिळाली आणि २०१६ मध्ये ती २४ महिन्यांची झाली. निव्वळ वित्तशास्त्र त्या यादीत नव्हते.

२००८ च्याच सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स या बँकेचे दिवाळे वाजले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये, सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी एच-वन-बी या परदेशीयांच्या नोकरी-परवान्यावर माणूस घेण्यापूर्वी स्वदेशी उमेदवारांचा रीतसर शोध घ्यावा, असा कायदा आला. म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच. नागपुरात जन्मलेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून १९८३ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीत शिरलेले विक्रम पंडित त्या वेळी सिटीग्रुपचे प्रमुख होते, आणि सिटीग्रुपनेही मदत घेतली असल्याने ही अट त्यांच्या दारीही लागू होती, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. त्या मंदीत एच-वन-बीच्या ६५,००० जागा भरायला जानेवारी २०११ उजाडला. परवाने पडून होते, नोकऱ्या नव्हत्या.

बाजार सावरला तेव्हा पारडे उलटे फिरले. २०१३ पासून दर वसंतात अर्ज जागांहून अधिक येऊ लागले आणि निवड सोडतीने होऊ लागली. मे महिन्यात पदवी घेणाऱ्या वित्तशाखेच्या विद्यार्थ्याच्या बारा महिन्यांत अशी एकच सोडत येई, तर स्टेमवाल्याच्या वाट्याला तीन. हा हिशेब भरती करणाऱ्यांनाही ठाऊक होता, आणि म्हणूनच संगणकावरील अर्जात, नाव, पदवी व गुण भरून झाल्यावर, ‘आता किंवा पुढे तुम्हांला व्हिसाकरिता आमचे प्रायोजकत्व लागेल काय?’ हा जो प्रश्न येई, तेथेच घोडे पेंड खाई. ‘होय’ या खुणेनंतर पुष्कळ अर्ज कोणी उघडूनही पाहत नसे. त्यातच ओपीटीच्या काळात एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहता येत नसल्याने, मनाजोग्या जागेची वाट पाहण्याची चैन विद्यार्थ्याला परवडणारी नव्हती.

विद्यापीठांनी यावर काढलेली तोड चतुर होती, प्रामाणिक कितपत होती हे ज्याचे त्याने ठरवावे. अर्थशास्त्राची नोंद ‘अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र’ या स्टेममान्य सदरात करून घेण्याचा प्रघात पडला. येलनेही २०१८ च्या सुमारास हा फेरफार केला. वित्तीय गणिताला ही सवलत आधीपासूनच होती. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनेच यादीत २२ विषय घातले, त्यांत वित्तीय विश्लेषण आले. साधे वित्तशास्त्र मात्र बाहेरच राहिले. शिक्षक तेच, पुष्कळसे ग्रंथही तेच, तरी एकाला तीन वर्षे आणि दुसऱ्याला एक, ही विषमता गुणवत्तेच्या नावाखाली खपवणे मला तरी मान्य नाही.

तेव्हा पुण्यामुंबईहून तिकडे निघणाऱ्या वित्तशाखेच्या विद्यार्थ्याने, कर्जाच्या कागदावर वडिलांची सही घेण्यापूर्वी, आपल्या आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रावर, कोणता संकेतांक येणार, हे विद्यापीठाकडून लेखी मागवून घ्यावे.